सानपाडा चांगलं की खांदेश्वर?

आमच्या ऑफिसात भिंतीवर चाव्यांचा एक बोर्ड आहे. फ्लॅट गेला की चावी जाते, पण त्या फ्लॅटपायी जे काही घडलेलं असतं ते इथंच राहतं. सोळा वर्षांत इतकं साठलंय की दुपारी कुणी आलं नाही तर आम्ही तिघं चहा मागवतो, आणि कुणीतरी एक जण सुरू करतो, "तो विमानवाला आठवतो का?" मग चहा थंड होतो.

आम्ही तिघं म्हणजे कोण, तेवढं सांगते. म्हात्रेकाका आमचे मालक. घरं दाखवायचं हे ऑफिस त्यांचं. नवी मुंबईतल्या या सानपाडा गावातले मूळचे आगरी, इथं एकही बिल्डिंग नव्हती तेव्हापासूनचे. दुसरे सावंत. मूळ कणकवलीकडचे, पण घर खांदेश्वरला. रोज सकाळी सानपाड्याला येतात आणि दिवसभर खांदेश्वरचं कौतुक करतात. आणि तिसरी मी, वैशाली कांबळे. वडील नांदेडकडून रबाळ्याच्या एका कंपनीत कामाला आले, आणि मी अजून रबाळ्यातच राहते.

दारातून आत येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "सानपाडा चांगलं की खांदेश्वर?"

"सानपाडा!" म्हात्रेकाका.

"खांदेश्वर!" सावंत. त्याच सेकंदाला.

मग तो बिचारा माझ्याकडे बघतो. मी म्हणते, "बसा ना, पाणी घ्या."

* * *

एकदा चिन्मय नावाचा एक मुलगा आला. आयटीतला. सोबत बायको अनघा आणि आई. त्यानं बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. अकरा स्टेशनांची नावं उभी, आणि आडवं काय काय! स्टेशन किती मिनिटं, पाणी किती तास, शाळा किती, झाडं किती. प्रत्येकाला मार्क. सानपाडा पहिला, खांदेश्वर दुसरा.

म्हात्रेकाकांनी ती शीट दोनदा वाचायला लावली. "बघ सावंत. कम्पुटर सांगते. कम्पुटर काय सानपाड्याचा नाय."

तरी दुसऱ्या नंबराचंही बघून घेऊ म्हणून आम्ही त्यांना खांदेश्वरला नेलं. चिन्मय नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते मोबाईलवर बघत होता. बादली भरली, आणि आई नाहीत! बेडरूममध्ये नाहीत, गॅलरीत नाहीत. अनघा घाबरली. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून आई धड कुणाशी बोलत नव्हत्या. कुठं निघून गेल्या असतील म्हणून आम्ही जिन्याकडे धावलो.

तर समोरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं. आत एक साताऱ्याच्या आजी आणि चिन्मयची आई, दोघी फरशीवर बसून वाल सोलत होत्या. आई बोलत होत्या. नुसत्या बोलत नव्हत्या, हसत होत्या.

चिन्मय दारातच थांबला. अनघा हळूच म्हणाली, "चिन्मय, तुझ्या शीटमध्ये आईंना वाल सोलायला कोण बसवेल, तो कॉलम कुठाय?"

त्यानं खांदेश्वर घेतलं.

म्हात्रेकाका तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता एकदम म्हणाले, "वाल काय आमचेकडं सोलत नाय?"

* * *

काकांचा दिवस मात्र येतोच. दादरचे एक गृहस्थ सानपाड्यात फ्लॅट बघायला आले होते. अख्खा जन्म दादरला गेलेला. रस्ते बघून खूश, बागा बघून खूश, पण पार्किंगमध्ये उभे राहून म्हणाले, "सगळं छान आहे हो. पण इथं जुनं असं काही नाही. माणसाला कुठंतरी मुळं लागतात."

काका भांडले नाहीत. त्यांना हाताला धरून एका पिलरपाशी घेऊन गेले. "ह्यो पिलर दिसतंय ना? इथं आमचे शेताचा बांध व्हता. तुमची गाडी लागल ना, तिथं आई डोक्यावर जेवान घेऊन यायची. आन् तो जिम हाय पलीकडं, तिथवर भरतीचा पानी यायचा. बाबा पानी कवा चढल ते वाऱ्यावरशी सांगायचा."

गृहस्थ त्या पिलरभोवती एक चक्कर मारून आले. मग संकोचून विचारलं, "या बिल्डिंगी बघून तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"पयले वाटायचा," काका म्हणाले. "रोज वाटायचा. मंग एक दिवस इचार केला. आमचे शेतान भात पिकायचा तो चार घरांना पुरायचा. आता याच जागेवर सत्तर घरांत भात शिजते."

गृहस्थांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. वर जाऊन बघितलासुद्धा नाही!

* * *

आता तो विमानवाला. सगळ्यात जास्त वेळा सांगितलेला किस्सा.

पार्ल्याहून एक रिटायर्ड जोडपं आलं. त्यांना खांदेश्वर दाखवायला सावंत गेले, मी सोबत. आता नवीन विमानतळामुळे त्या बाजूला विमानं दिसायला लागलीत, आणि पेन्शनर माणूस म्हणजे शांतता हवी असणार, हे सावंतांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं. त्यामुळे गॅलरीत उभं असताना लांबून घरघर ऐकू आली की सावंत जोरात खोकायचे. दुसऱ्यांदा आवाज आला, तर आणखी जोरात. तिसऱ्यांदा तर खोकून खोकून डोळ्यांत पाणी!

ते पार्ल्याचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सावंत, खोकू नका. मोजताना चुकतंय माझं."

"काय मोजताय?"

"विमानं. कमीच आहेत हो. यापेक्षा जास्त आवाजाची जागा नाही का तुमच्याकडे?"

आम्ही दोघं बघतच राहिलो. तर ह्या माणसाचं अख्खं आयुष्य पार्ल्याला विमानांखाली गेलेलं. मुलाकडे बेंगळुरूला महिनाभर राहिले तर तिथल्या शांततेत डोळ्याला डोळा लागला नाही. आता ते आवाज शोधत हिंडत होते.

सावंतांनी त्या गृहस्थांच्या पत्नीकडे बघितलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तरी शांत जागा हवी असेल ना?"

त्या म्हणाल्या, "छे हो! मी बोलते त्यातलं अर्धं यांना विमानामुळे ऐकू आलं नाही, म्हणून तर चाळीस वर्षं टिकलोय!"

* * *

सानपाडा कुठं संपतं आणि जुईनगर कुठं सुरू होतं यावर आमच्याकडे कायम वाद असतो. त्या हद्दीवर एक सोसायटी आहे. तिचं पुढचं गेट सानपाड्याच्या रस्त्याला आणि मागचं जुईनगरच्या. तिथल्या तांबेबाई आमच्या ओळखीच्या. त्या म्हणायच्या, "आम्ही लग्नाच्या बायोडेटात सानपाडा लिहितो आणि रिक्षावाल्याला जुईनगर सांगतो."

त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा तो एकटाच आधी पोचला. मुलगी त्याला घ्यायला खाली गेली. फोन सुरू.

"मी गेटवर आहे."

"मीपण गेटवरच आहे."

"मला तुम्ही दिसत नाही."

"मलापण नाही. निळा ड्रेस."

"इथं निळं कुणीच नाही. नको असेल तर सरळ सांगा ना."

"नको असतं तर खाली कशाला आले असते?"

वीस मिनिटं हे चाललं. शेवटी वॉचमन म्हणाला, "साब, दुसरा गेट भी है." दोघं एकदमच निघाली, आणि मधल्या पाण्याच्या टाकीपाशी समोरासमोर आली. दोघं घामाघूम, आणि दोघं एकमेकांवर चिडलेली. मग ती हसली. वर बसून कांदेपोहे खायची गरजच राहिली नाही.

लग्नानंतर दोघं घर बघायला आमच्याचकडे आली. मी विचारलं, "काय हवंय? सानपाडा, जुईनगर, खांदेश्वर?"

दोघं एकाच आवाजात म्हणाली, "कुठंही चालेल. गेट एकच पाहिजे!"

* * *

सगळेच किस्से हसण्याचे नसतात.

प्रज्ञा नर्स होती आणि तिचा नवरा मिलिंद रबाळ्याला मशीनवर. दोघांना भाड्यानं घर हवं होतं. मी त्यांना एक फ्लॅट दाखवला, त्यांना आवडला. मालकाला तिथूनच फोन लावला. नर्स आहेत म्हटल्यावर तो खूश. "वा, वा! पाठवून द्या. आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं.

त्याचा आवाज एकदम बदलला. मग, "अरेच्चा, काल एकाला शब्द दिला होता हो मी. विसरलोच."

तो आवाज मला पाठ आहे. आम्ही रबाळ्याच्या बाहेर खोली बघायचो तेव्हा माझ्या वडिलांनाही असेच शब्द दिलेले लोक भेटायचे. प्रज्ञानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. तिलाही पाठ असणार. मिलिंद फक्त म्हणाला, "चला ताई, तुमचा वेळ गेला."

ऑफिसात येऊन मी काकांना सांगितलं. काका उठले. त्या मालकाच्या तीन फ्लॅटच्या चाव्या बोर्डावर होत्या. तिन्ही काढल्या आणि त्याला बोलावून घेतलं.

"ह्या घेऊन जा."

तो म्हणाला, "काका, असं काय करता? धंदा आहे हा."

"हाय ना धंदा. मी लोकांना घरां दाखवतो. घरांना मानसां नाय दाखवत."

संध्याकाळी खांदेश्वरहून सावंतांचा फोन आला. एक रिटायर्ड शाळामास्तरीण मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या, त्यांना घर द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला घेऊन गेले. जिना चढताना तिचा वेग कमी कमी होत गेला. बाईंनी दार उघडलं, चष्म्यातून तिला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मी एकच विचारणार आहे."

प्रज्ञानं माझा हात धरला.

"गॅलरीत एकवीस कुंड्या आहेत. पाणी घालाल का?"

प्रज्ञानं माझा हात सोडला. मग म्हणाली, "ड्युटीवरून आले की आधी त्यांनाच घालीन."

दोन वर्षांनी बाई घर बघायला आल्या. गॅलरीत चाळीस कुंड्या. बाईंनी सगळ्यांना हात लावून बघितला, जास्वंदीचं एक पिकलं पान काढलं आणि म्हणाल्या, "पुण्यात करमत नाही गं. मी परत आले तर मला ठेवून घेशील का?"

* * *

मधे सावंतांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी परदेशात, आणि घरी सावंतवहिनी एकट्या. म्हात्रेकाका रोज दुपारी डबा घेऊन खांदेश्वरला जायला लागले. डब्यात कधी कोलंबी, कधी खाडीतल्या निवट्या. सावंतांना चालवायचे, तळ्यापर्यंत फिरवून आणायचे, आणि मग ऑफिसात येऊन म्हणायचे, "काय ठेवलंय खांदेश्वरला!"

एका दुपारी सावंत आडवे पडले होते. काका खिडकीपाशी. काकांना कुणाचा तरी फोन आला, तोच नेहमीचा प्रश्न. काकांनी मागे वळून बघितलं. सावंतांचे डोळे मिटलेले. काका आवाज खाली आणून म्हणाले, "खरा सांगू का? खांदेश्वर. वारा हाय, तला हाय, मानसां हायेत. पन आमचे सावंताला सांगू नका."

सावंत झोपलेच नव्हते! महिन्यानं काठी टेकत ऑफिसात आले तेव्हा काका बाहेर गेलेले बघून त्यांनी मला हे सगळं सांगितलं.

"पण वैशाली," ते म्हणाले, "मी ऐकलंय, हे काकांना सांगू नको."

तेवढ्यात काका आले. सावंतांना बघून म्हणाले, "आलास? बरा झाला. तुजे खांदेश्वरला जाऊन जाऊन माझे पाय मोडले."

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" सावंत म्हणाले.

* * *

आणि आता सुहास आणि मीनल.

सुहास बँकेत टेलिफोन ऑपरेटर, मीनल शाळेत गाणं शिकवते. दोघांनाही दिसत नाही. पांढऱ्या काठ्या घेऊन दोघं आमच्या दारात आली तेव्हा काका खुर्ची पुढे करायला इतक्या घाईनं उठले की स्वतःच टेबलावर आदळले.

"सावकाश," सुहास म्हणाला. "डावीकडे टेबल आहे वाटतं."

आम्ही हसलो, तीही हसली, आणि मग ते नेहमीचं. सानपाडा की खांदेश्वर?

पहिल्यांदाच काका आणि सावंत दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. यांना घराचं काय सांगायचं? मोठी खिडकी आहे? समोर बाग दिसते? मी तर पहिल्याच फ्लॅटमध्ये सवयीनं म्हणून गेले, "व्ह्यू बघा किती छान आहे!" आणि जीभ चावली.

मीनल म्हणाली, "सांगा ना काय काय दिसतंय. आम्ही येणाऱ्या पाहुण्यांना सांगू."

फ्लॅट दोन्हीकडचे आवडले. तेव्हा सुहास म्हणाला, "आता मला एकट्याला चालू द्या. स्टेशनपासून घरापर्यंत. तुम्ही लांब राहायचं. बोलायचं नाही."

"रस्ता चुकलात तर?" मी विचारलं.

"चुकणारच आहे. मुद्दाम चुकतो मी. मग कोण हाक मारतं आणि कशी मारतं ते बघतो. घर काय, आत गेल्यावर सगळी सारखीच."

आधी खांदेश्वर. सावंत खांबामागे उभे, पोरगी परीक्षेला बसल्यासारखे कासावीस. सुहास दुसऱ्या वळणाला मुद्दाम चुकीकडे वळला. लगेच एक गृहस्थ धावले, मग एक बाई, मग दोन कॉलेजच्या मुली. त्यांनी त्याला विचारलंच नाही! दोन्ही हात धरून चौघांनी त्याला थेट देवळात नेलं, दर्शन घडवलं, हातावर प्रसाद ठेवला आणि परत आणून सोडलं.

"माणसं फार चांगली आहेत," सुहास खोबरं चावत म्हणाला. "पण मला रोज ऑफिसला जायचंय हो. रोज दर्शन झालं तर लेट मार्क लागेल!"

मग सानपाडा. आता म्हात्रेकाका खांबामागे. आपल्याच गावात चोरासारखे. सुहास नाक्यावर पुन्हा मुद्दाम चुकला. कोपऱ्यावर एक नारळवाली बसते. तिनं मान वर केली, हातातला कोयता थांबवला, पण जागेवरून उठली नाही. नुसती म्हणाली, "दादा, दोन पावलां उजवीकडं. फूटपाथ तिकडं हाय." आणि पुन्हा नारळ सोलायला लागली.

सुहास दोन पावलं उजवीकडे सरकला. काठी फूटपाथला लागली. तो तिथंच थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "वैशालीताई, टोकनचे कागद काढा!"

काका खांबामागून बाहेर आले ते डोळे पुसतच. सावंतांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि नारळवालीकडून पाच नारळ फोडून घेतले.

नारळपाणी पिताना मीनलनं मला विचारलं, "तुम्ही कुठं राहता?"

"रबाळे."

"कसं आहे?"

काय सांगणार? म्हटलं, "काही नाही हो, कंपन्या आहेत. धूळ आहे. तुम्हाला दाखवावं असं काही नाही."

"तिथं तुम्ही चुकलात तर कोण हाक मारतं?"

इतकी वर्षं राहतेय, पण आपल्याच गल्लीत कोण कशाला चुकेल?

त्या दिवशी संध्याकाळी रबाळ्याला उतरले. दिवेलागणीची वेळ, कंपन्या सुटलेल्या, गल्लीत ही गर्दी. कोपऱ्यावर आले, पर्स छातीशी धरली, इकडे तिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी डोळे घट्ट मिटले आणि चालायला लागले. एक. दोन. तीन. चार.

पाचवं पाऊल उचललं मात्र, इस्त्रीवाले चाचा, वरच्या खिडकीतल्या वाघमारेकाकू आणि समोरून येणारी भाजीवाली, तिघं एकदम ओरडले,

"ए वैशाली! गटार!"